बाथरूमच्या रंगावरून घरात चार मतं

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: मुलुंड पूर्वेला १९८६ सालच्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आहे. वय ५२, वन बीएचके, घरात चौघं. त्या, मिस्टर, नोकरी करणारी २४ वर्षांची लेक आणि ७९ वर्षांच्या सासूबाई, ज्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि दुसऱ्याचं व्हायचंय. खालच्यांच्या घरात लीकेज सुरू झालंय त्यामुळे बाथरूम तोडावंच लागणार. ४ बाय ६ फुटांचं बाथरूम, डक्टमध्ये उघडणारी काचेच्या पट्ट्यांची एक छोटी खिडकी, संडास शेजारी वेगळा. लेकीला इन्स्टावर बघितलेलं सेज ग्रीन, म्हणजे राखाडीसर हिरवा, आणि काळे नळ हवेत. मिस्टर म्हणतात रिडेव्हलपमेंट येतंय, गुपचूप पांढरं लावा. सासूबाईंना "उजेड पडेल असं काहीही". टाइल्सवाला म्हणतो ग्रे आता कोणी नेत नाही, बेज आणि ब्राउन चाललंय. सगळं गणपतीच्या आत व्हायला हवंय आणि ताईंचा प्रश्न आहे, "असा कुठला रंग आहे जो पाच-सात वर्षांनी जुनाट वाटणार नाही?" पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ आहे: "आमच्या गिरगावच्या चाळीत मोरीला पिस्ता कलरचा ऑइलपेंट होता, मला अजून आठवतो, पण ते असो."

ताई, नमस्कार.

आधी तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर देते, म्हणजे तुम्ही शेवटपर्यंत ताटकळणार नाही. असा रंग नाहीये. तुमच्या मिस्टरांना वाटतं की पांढरा कधी जुना होत नाही, बहुतेक सगळ्यांना तसंच वाटतं, पण पांढरं बाथरूम हीसुद्धा एका काळात आलेली फॅशनच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोप-अमेरिकेत लोकांना पटायला लागलं की रोग जंतूंमुळे होतात, मग मळ चटकन दिसावा म्हणून पांढऱ्या टाइल्स आणि पांढरी भांडी आली. मग त्याचाही कंटाळा आला आणि १९२० च्या दशकात तिथल्याच कंपन्यांनी रंगीत बेसिन आणि टब काढले, कोहलरने १९२७ मध्ये. पुढे १९५० च्या दशकात तिकडे गुलाबी बाथरूमचं वेड होतं, १९७० च्या दशकात अ‍ॅव्होकॅडोसारखा हिरवा. नंतर लोकांनी तेच तोडून परत पांढरं लावलं.

आपल्याकडे मोरी म्हणजे शहाबादी नाहीतर कडप्पा, दगडाचा रंग तोच मोरीचा रंग, निवडायचा प्रश्नच नव्हता. नंतर कमरेएवढ्या पांढऱ्या चौकोनी ग्लेझ्ड टाइल्स आल्या, त्यानंतर ते खाली डार्क, वर लाइट आणि मधे फुलांची किंवा शिंपल्यांची हायलायटरची ओळ, जे अजूनही कितीतरी घरांत आहे आणि टाइल्सच्या दुकानात आजही याच भाषेत बोलतात. मग ग्रे आला, सगळीकडे सिमेंटसारखा ग्रे. आता तुमचा दुकानदार म्हणतोय तसं मातकट, उबदार रंग चाललेत, बेज, टेराकोटा, सेज ग्रीन, तपकिरी, आणि भिंतीपासून छतापर्यंत एकच रंग लावायचा प्रकार, ज्याला कलर ड्रेंचिंग म्हणतात. पॅन्टोन ही रंगांचे नमुने ठरवणारी कंपनी दरवर्षी एक रंग जाहीर करते ना, त्यात २०२४ ला पीच होता, २०२५ ला मोका मूस म्हणजे दुधाच्या कॉफीचा तपकिरी आणि २०२६ ला क्लाउड डान्सर, म्हणजे जवळजवळ पांढराच. तीन वर्षांत पीचवरून तपकिरीवर आणि तिथून पांढऱ्यावर. आणि टाइल भिंतीवर बसली की सहज पंधरा-वीस वर्षं बसते. या दोघांची गाठ कशी घालणार तुम्ही? म्हणून माझं म्हणणं, हा प्रश्नच सोडून द्या. त्याऐवजी विचारा की या ४ बाय ६ च्या खोलीत, डक्टमधून येणाऱ्या एवढ्याशा उजेडात, तुमच्या सोसायटीच्या पाण्यात आणि घरातल्या सगळ्यात कमी दिसणाऱ्या डोळ्यांना कोणता रंग चालेल. या प्रश्नाला उत्तर आहे.

सासूबाईंपासून सुरू करते कारण तुमच्या पत्रात त्यांचं मत अर्ध्या ओळीत उरकलंय आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. "उजेड पडेल असं काहीही" हे त्या आवडीनिवडीचं बोलत नाहीयेत, त्या सांगताहेत की मला नीट दिसत नाही. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं, त्यामुळे निळे रंग मळकट दिसतात, फिकट पिवळा आणि पांढरा वेगळे कळत नाहीत, आणि झगझगीत उजेडाचा खूप त्रास होतो. ऑपरेशन झालेल्या डोळ्यात नवीन स्वच्छ भिंग बसतं, त्यामुळे सध्या त्यांना दोन डोळ्यांनी दोन वेगळे रंग दिसत असतील, एकदा एकेक डोळा झाकून त्यांना विचारून बघा. अशा माणसाला चकचकीत पांढऱ्या टाइल्सचं बाथरूम दिलं तर उजेड मिळतो खरा, पण त्यात पांढरी भिंत, पांढरी फरशी, पांढरी बादली, पांढरं बेसिन सगळं एकमेकांत मिसळून जातं. भिंत कुठे संपली आणि फरशी कुठे सुरू झाली तेच कळत नाही, वर बल्बची तिरीप टाइलवरून थेट डोळ्यात. म्हणजे मिस्टरांचं पांढरं सासूबाईंसाठी सोयीचं असेल असं आपण धरून चालतो ते तितकंसं बरोबर नाही.

त्यांना उजेड हवाच, पण त्याबरोबर फरक दिसायला हवा. रंग किती उजेड परत फेकतो याचं एक माप असतं, लाइट रिफ्लेक्टन्स व्हॅल्यू, काळ्याला ० आणि शुभ्र पांढऱ्याला १००. कमी दिसणाऱ्या माणसांसाठी ब्रिटनमधले नियम सांगतात की शेजारशेजारच्या दोन पृष्ठभागांमध्ये साधारण ३० चा फरक असावा. आकडा लक्षात नाही ठेवला तरी चालेल, मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा आणि बघा, भिंत आणि फरशी वेगळी दिसतेय का. नाही दिसली तर बदला. भिंती फिकट, फरशी दोन-तीन शेड गडद आणि मॅट. दाराशी जो पायरीएवढा उतार असतो तिथे उंबऱ्याला काळ्या ग्रॅनाइटची पट्टी, म्हणजे पाय कुठे खाली पडणार ते दिसतं. हे मी सगळ्यांनाच सांगते, घरात म्हातारं माणूस असो नसो, कारण आज नसेल तर पंधरा वर्षांनी तुम्हीच असणार आहात आणि बाथरूम तेच असणार आहे. फरशी घेताना आर १० किंवा त्याच्या वरचं रेटिंग (टाइल किती कमी घसरते याचं माप) आहे का विचारा, नुसतं "अँटीस्किड आहे मॅडम" यावर थांबू नका, आणि फरशीला १२ बाय १२ इंचांची टाइल घ्या, मोठी नको, कारण लहान टाइलला नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जायच्या जाळीकडे, उतार नीट काढता येतो आणि सांधे जास्त असले की पायाला पकडही जास्त मिळते.

आता पाणी. हे इन्स्टावर कोणी दाखवत नाही. महापालिकेचं पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा धरणा-तलावांतून येतं, पावसाचं साठवलेलं पाणी, त्यामुळे तसं मऊ. पण तुमच्या सोसायटीत बोअरवेल आहे का, उन्हाळ्यात टँकर येतो का, तो टाकीत मिसळला जातो का, हे सेक्रेटरींना विचारा. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असतं, थेंब वाळला की पांढरा डाग राहतो. काळ्या टाइलवर, काळ्या नळावर तो चार दिवसांत दिसायला लागतो, मग माणूस घासतो, मग अ‍ॅसिड लावतो आणि अ‍ॅसिडने काळ्या नळाचा थर उडतो. उलट शुभ्र पांढऱ्यावर लोखंडाचे लाल ओघळ, केस, तेल, दिवाळीच्या अभ्यंगाचं उटणं, सगळं ओरडून दिसतं. मधल्या, जरा धुरकट शेड्स, म्हणजे सेज, बेज, मातकट राखाडी, यांच्यावर दोन्ही प्रकारचे डाग सगळ्यात कमी दिसतात. सध्याच्या ट्रेंडमधली मला मनापासून पटलेली गोष्ट हीच आहे, हे रंग आपल्या पाण्याला सोयीचे आहेत. आणि घासणार कोण आहे ताई? पत्रात लिहिलं नाहीये पण मला अंदाज आहे. जो घासतो त्याच्या मताला थोडं जास्त वजन असावं, हे घरात बसून स्पष्ट बोला.

उजेडाचं जरा सविस्तर सांगते कारण बहुतेक लोक इथेच फसतात. दुकानात वरून दहा लाइट मारलेले असतात, तिथे प्रत्येक टाइल सुंदर दिसते. तुमच्या डक्टच्या खिडकीतून दुपारी तासभर काय तो उजेड येत असेल, बाकी सगळा कारभार बल्बवर. आणि सेज ग्रीन बल्बप्रमाणे रंग बदलतो. पिवळ्या वॉर्म बल्बमध्ये, म्हणजे ३००० केल्विनच्या आसपास, तो खाकी आणि मळकट दिसतो, आपल्याकडे सगळ्यांच्या घरी असतो त्या ६५०० च्या पांढऱ्याफटक कूल डेलाइटमध्ये तो निळसर राख होतो आणि आरशात माणूस आजारी दिसतो. ४००० केल्विनचा बल्ब घ्या, बॉक्सवर नॅचरल व्हाइट किंवा न्यूट्रल व्हाइट असं लिहिलेलं असतं, आणि सीआरआय ९० मिळाला तर उत्तम, म्हणजे रंग खरे दिसतात. एक छतावर आणि एक आरशाच्या वर, दोन्ही दुधी काचेचे, म्हणजे सासूबाईंच्या डोळ्यात तिरीप जाणार नाही. हा खर्च टाइलच्या मानाने काहीच नाही आणि फरक सगळ्यात जास्त पडतो.

मिस्टरांच्या मुद्द्याकडे येते. रिडेव्हलपमेंट येतंय म्हणजे नक्की कुठपर्यंत आलंय? सभेत चर्चा झालीय, की सहकारी संस्था कायद्याच्या ७९-अ कलमाप्रमाणे ठराव होऊन, टेंडर होऊन, डेव्हलपर ठरून करारनामा रजिस्टर झालाय? नुसती चर्चा असेल तर मुंबईत अशी चर्चा दहा-दहा वर्षं चाललेल्या इमारती तुम्हालाही माहीत असतील, तेवढी वर्षं रोज सकाळी न आवडणाऱ्या बाथरूममध्ये जाणं हा काही बचतीचा मार्ग नाही. करार झाला असेल तर मात्र ते शंभर टक्के बरोबर आहेत, लीकेज बंद करा, स्वस्तातली साधी टाइल लावा आणि रंगाचा विचार नव्या घरासाठी राखून ठेवा. आणि "विकताना पांढरं बरं" असं लोक नेहमी म्हणतात त्याबद्दल, जुन्या इमारतीतलं घर घेणारा माणूस आधी जागा, स्टेशन आणि पार्किंग बघतो, बाथरूमची टाइल तो तसाही स्वतःच्या मनाने बदलतो.

लेकीला काय सांगाल? तिला नाही म्हणू नका, तिचा अर्धा हट्ट एकदम योग्य जागी बसतो. काळे नळ नकोत, नळ क्रोमचेच घ्या, पुसला की चमकतो. पण सासूबाईंसाठी जो धरायचा दांडा लावायला हवा (लावायलाच हवा, आंघोळीच्या स्टुलाशेजारी एक आणि संडासात एक), तो काळा घ्या. फिकट भिंतीवर काळा दांडा अर्धवट दिसणाऱ्या डोळ्यालाही लगेच सापडतो, आणि त्यावर नळासारखं सतत पाणी पडत नाही. आरशाची फ्रेम, टॉवेलची दांडी, साबणाची जाळी हेही काळं चालेल. ज्या गोष्टी ड्रिल मशीनने तासाभरात बदलता येतात तिथे हवी तेवढी फॅशन करा. ज्या गोष्टीसाठी गवंडी, डेब्रिज आणि सोसायटीची परवानगी लागते तिथे दमाने. सेज ग्रीनसुद्धा चारही भिंतींना नको, त्या खोलीत अंधार होईल. बादली-नळाच्या मागची एक ४ फुटांची भिंत सेज, बाकी तीन भिंती कोमट ऑफव्हाइट, सॅटिन किंवा मॅट, चकचकीत नाही, आणि फरशी मातकट करडी. हा माझा कौल. तुम्हाला बेज आवडला तरी हेच गणित लागू पडतं, एक भिंत रंगाची, तीन उजेडाच्या.

पण माझ्या शब्दावर जाऊ नका, घरी बघा. दुकानातून तीन-चार सॅम्पल टाइल मागून आणा, डिपॉझिट घेतात पण देतात. न तोडलेल्या बाथरूममध्येच भिंतीला टेकवून उभ्या ठेवा, नवा ४००० चा बल्ब आधीच लावा. सकाळी सहाला बघा, दुपारी बघा, रात्री बघा, ओली करून बघा. अर्ध्या टाइलवर साबणाचा फेस आणि अर्ध्यावर नुसतं सोसायटीचं पाणी शिंपडून वाळू द्या, असं आठवडाभर रोज, आणि रविवारी सगळ्यांनी मिळून बघायचं की कुठली टाइल कशी झालीय. सासूबाईंना बाथरूमच्या दारात उभं करून विचारा की कुठली आधी दिसते. घरातली निम्मी भांडणं या आठवड्यात मिटतात, कारण मत बाजूला राहतं आणि टाइल समोर असते.

गणपतीच्या आत हवंय म्हणून घाई मात्र करू नका, म्हणजे रंगासाठी करा पण वॉटरप्रूफिंगसाठी नको. बाथरूम तोडायचं कारण लीकेज आहे हे त्या सेज ग्रीनच्या नादात मागे पडतं, मी असं झालेलं बघितलंय, सुंदर टाइल्स लागल्या आणि तीन महिन्यांत खालच्यांचं छत परत ओलं. जुना कोबा काढून पाइप आणि नहाणी ट्रॅप बदलून वॉटरप्रूफिंग झालं की ट्रॅपचं तोंड बंद करून तीन-चार इंच पाणी भरून पूर्ण ४८ तास ठेवा, खालच्या काकूंना छत बघायला सांगा, त्यांनी कोरडं आहे म्हटलं की मगच टाइल. कॉन्ट्रॅक्टर म्हणेल एक दिवस पुरे, ऐकू नका. गणपतीत पाहुण्यांना जुनं बाथरूम दिसलं तर काही बिघडत नाही.

आणखी एक गोष्ट जी रंगाचीच आहे पण कोणी रंग म्हणून मोजत नाही, ती म्हणजे टाइलमधले सांधे. गवंडी सवयीने व्हाइट सिमेंट भरतो, ते सहा-आठ महिन्यांत पिवळं पडतं मग काळं, आणि सगळं बाथरूम जुनं दिसायला लागतं. तुम्हाला ज्या जुनाटपणाची भीती वाटते ना, तो बहुतेक वेळा टाइलच्या रंगाचा नसून सांध्याचा असतो. सांध्यांत भरायला एपॉक्सी ग्राउट (सिमेंटऐवजी रेझिनचा मसाला) घ्या, महाग पडतं पण पाणी शोषत नाही, आणि रंग टाइलपेक्षा एक शेड गडद घ्या. साफसफाईला अ‍ॅसिड वापरू नका, सिमेंटचे सांधे तर ते खातंच, आणि ब्लीचिंगबरोबर चुकून मिसळलं तर विषारी वायू होतो, खिडकी एवढीशी असलेल्या खोलीत ते फार वाईट.

टाइल्स मोजताना, तुमच्या ४ बाय ६ ला भिंतींचा घेर २० फूट, ७ फूट उंचीपर्यंत १४० चौरस फूट, दार वजा करून सव्वाशे धरा. १२ बाय २४ च्या टाइलच्या बॉक्समध्ये साधारण ५ येतात, म्हणजे साडेनऊ-पावणेदहा फूट, तर १३ बॉक्स लागतील, त्यावर दहा टक्के तुटफूट धरून १५ घ्या, त्यातले सेजचे वेगळे काढून. सगळ्या बॉक्सवरचा बॅच नंबर आणि शेड नंबर एकच आहे ना ते टेम्पोतून उतरवतानाच बघा, लावून झाल्यावर बघू नका, गुजरातेतल्या मोरबीहून, जिथे टाइल्सचे कारखाने आहेत, पुढच्या वेळी येणारा त्याच नावाचा माल अर्धा शेड वेगळा असू शकतो. उरलेल्या पाच-सहा टाइल्स बिलासकट माळ्यावर ठेवून द्या, उद्या प्लंबरला एखादी फोडावी लागली तर बाजारात ती मिळणार नाही.

आता त्या शेवटच्या ओळीबद्दल. तुम्ही मिस्टरांचा रंग लिहिलात, लेकीचा, सासूबाईंचा, दुकानदाराचासुद्धा लिहिलात. स्वतःचा लिहिला आणि लगेच "पण ते असो" म्हणून मिटवून टाकला. चाळीतल्या त्या मोरीचा पिस्ता आणि लेकीचा सेज यांत फारसं अंतर नाहीये, सेजमध्ये राखाडी थोडा जास्त असतो एवढंच, तुम्ही तिला त्या मोरीबद्दल कधी सांगितलंय का मला माहीत नाही. शनिवारी दुकानात सॅम्पल आणायला जाल तेव्हा तिला बरोबर घेऊन जा, वाटेत सांगा, आणि तिघांच्या तीन टाइल्स निवडून झाल्या की चौथी तुमच्या मनाची घ्या, कोणालाही न विचारता. तीही आठवडाभर भिंतीला टेकून राहू दे.